गिरिजाकाकूंची उघडझाप

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारची ऑनलाइन कामे' असं लिहिलंय, आणि त्या 'सर्व'नं माझा जीव खाल्लाय. येरमाळ्याच्या स्टँडसमोर छोटासा गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि सकाळपासून डोक्यावर माणसं. पण गिरिजाकाकू आल्या की मी कधी चिडले नाही. गॅस, रेशन, पगाराचं खातं, कितीदा आल्या असतील. 'निकिता, लवकर कर' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसायच्या, फोन समोर धरला की डोळ्यांची उघडझाप करायच्या आणि निघायच्या. कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, खोटं कशाला बोलू! रांग लागलेली असते, कुणाकुणाला सांगत बसू?

काकू मूळच्या सोनारीकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या आणि गेली अठरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस आहेत. सकाळी झाडलोट, मग घरोघर फिरून पोरं गोळा करायची, मग खिचडी. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालीत. त्यांचे मालक आण्णासाहेब गुरुजी, शेजारच्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षक. माणूस टापटीप, शर्टाची घडी मोडणार नाही. 'नोकरदारानं आपल्या नावावर काही ठेवू नये,' हा त्यांचा आवडता उपदेश. म्हणून प्लॉट काकूंच्या नावावर, स्कूटी काकूंच्या नावावर. बाया म्हणायच्या, गिरिजाबाईचं नशीब बघा. स्कूटीची चावी मात्र गुरुजींच्या खिशात असायची, ते कुणाला दिसत नव्हतं.

परवाच्या रविवारी दुपारी दोघं दुकानात आले. काकूंचं पगाराचं खातं चार महिन्यांपासून गोठवलेलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. का, ते त्या दिवशी कळलं. चार वर्षांपूर्वी गुरुजींनी क्रिप्टोच्या एका ॲपवर काकूंच्या नावानं खातं उघडलं होतं. त्यावर ते डिजिटल नाणी घ्यायचे आणि विकायचे. त्यातलं एक गिऱ्हाईक भामटं निघालं. कुणाला तरी फसवून आणलेला पैसा त्यानं नाण्यांची किंमत म्हणून काकूंच्या पगाराच्या खात्यात टाकला. परराज्यातले पोलीस माग काढत आले ते थेट काकूंच्या नावापाशी. नोटीस आली: सगळ्या वर्षांच्या व्यवहारांची यादी ॲपवरून काढून सोमवारपर्यंत पाठवा, सोबत सहीचा जबाब द्या, नाहीतर समक्ष हजर व्हा. काकू जन्मात सोलापूरच्या पुढं गेलेल्या नाहीत.

जबाब गुरुजींनी टाइप करूनच आणला होता. 'सर्व व्यवहार मी स्वतः केले आहेत.' खाली काकूंचं नाव.

"हे काकूंनी वाचलंय का?" मी विचारलं.

"तिला काय कळतंय त्यातलं," गुरुजी म्हणाले. "तू यादी काढ."

काकू माझ्याकडं बघून हसल्या. "काढ बाई. एवढं सुटलं की येडाईची ओटी भरते."

ते ॲप एका वेळी एकाच वर्षाची यादी देत होतं, आणि दर वेळी खातेदाराचा चेहरा मागत होतं. गुरुजींनी फोन धरला. "गिरिजा, डोळे झाक-उघड कर." काकूंनी केली. दोन मिनिटांत फाइल आली. चारशे बारा ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, किती नाणी घेतली, किती विकली.

गुरुजी स्क्रीनवर वाकले आणि त्यांचा चेहरा खुलला. "वेळ बघ! पाच पन्नास, सहा पाच, सगळं पहाटेचं. तेव्हा ती उठलेलीच असती. चहा ठेवता ठेवता केलं म्हणायचं. झालं काम!"

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण आई म्हणते तेच खरं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"गुरुजी, ही वेळ आपली न्हाय. विलायतेच्या घड्याळाची हाय. हिच्यात साडेपाच तास मिळवायचे. पाच पन्नास म्हणजे आपले सकाळचे अकरा वीस."

"अकरा वीस?" काकू पहिल्यांदाच पुढं सरकल्या. "रोजच?"

"शाळा असंल त्या दिवशी. रविवारी एक बी न्हाय."

"अकरा वीसला तर म्या खिचडी वाढत असते," काकू म्हणाल्या. "आमच्या अंगणवाडीच्या बाई रोज साडेअकराला पोरांचा फोटो काढून वर ऑफिसात पाठवतात. त्यात म्या असते की, पळी घेऊन."

"आणि अकरा वीसला तुमचा कुठला तास असतो, गुरुजी?" मी विचारलं.

"तू तुझं काम कर!" ते खेकसले. मग हनुवटी खाजवत हळू आवाजात म्हणाले, "असं लिहू. अंगणवाडीतनंच केलं. खिचडी शिजंस्तोवर फोनवर केलं."

"अहो, कामावर असताना असलं केलं म्हणल्यावर मला ठेवतील व्हय?"

"आणि मला ठेवतील? तुझा पगार किती, माझा किती? कुणाची नोकरी गेलेली परवडंल, तूच सांग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घर गुरुजींच्या पगारावर चालतं, हे मलाही कळत होतं आणि काकूंना माझ्यापेक्षा जास्त. सही केली तर अठरा वर्षांची नोकरी गेली आणि वर चोराची भागीदार म्हणून नाव. खरं सांगितलं तर घराची चूल विझली. गप्प बसलं तर परराज्यातलं ठाणं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि ढकलणारा घरचाच.

काकूंनी वेगळंच विचारलं. "खातं उघडताना माझा चेहरा कसा घेतला?"

गुरुजी फोनची काच पुसायला लागले.

"आठवलं," काकू म्हणाल्या. "म्या भाकरी करत होते. हात पिठात. तुम्ही म्हणालात, नुसती डोळ्यांची झाक-उघड कर, गॅसचं हाय. मग लई वेळा म्हणालात."

मला शरम वाटली. गुरुजींची नव्हे, माझी. माझ्या दुकानात दिवसाला पन्नास बायांना मी तेच म्हणते.

"सोमवार उद्या हाय," गुरुजी म्हणाले आणि फोन परत धरला. "पुढचं वर्ष. चल, झाक-उघड कर."

स्क्रीनवर गोल आला, गोलात काकूंचा चेहरा, खाली अक्षरं: डोळ्यांची उघडझाप करा. काकूंनी डोळे उघडेच ठेवले. गुरुजी म्हणाले, "अगं!" काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, गालावरून हनुवटीवर आलं, पापणी हलली नाही. गोल लाल झाला. वेळ संपली. गुरुजींनी दुसऱ्यांदा धरला. तेच झालं. खाली लिहून आलं, आज एकच संधी शिल्लक.

"गिरिजा, तुझ्या पाया पडू का? तुझ्याच खात्याचं काम हाय हे!"

"माझं हाय, तर फोन माझ्या हातात द्या."

गुरुजींनी दिला. दुसरं करणार काय! काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"निकिता, जबाब नव्यानं टाइप कर. पाच पन्नास म्हणजे अकरा वीस. अकरा वीसला म्या खिचडी वाढत होते, फोटो हाय. फोन कुणाच्या हातात होता, ते मालकांनाच इचारा. एवढंच लिही."

"माझी नोकरी जाईल, गिरिजा."

"जाईल," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. रडत रडतच त्यांनी फोन स्वतः समोर धरला आणि डोळ्यांची उघडझाप केली. यादी आली. राहिलेल्या दोन वर्षांच्याही त्यांनी तशाच काढल्या. जबाब मी दोनदा वाचून दाखवला, मग काकूंनी सही केली, आणि सगळं मी त्यांच्यासमोरच पाठवलं.

काकू सुटल्या असं म्हणू नका. खातं अजून गोठलेलंच आहे. मी दारात उभी राहून बघत होते. गुरुजींनी खिशातून चावी काढली, स्कूटी चालू केली, आणि काकू मागं बसल्या. घर एकच होतं, जाणार कुठं?