जागच्या जागी

टाचांना लावायला व्हॅसलीनची डबी उघडली, की मला आमची जुनी फियाट आठवते. वडिलांची दृष्टी गेल्यापासून ती अंगणात केळीच्या सावलीत नुसती उभी होती, तरी त्यांनी नवी बॅटरी आणवली. ते सांगतील तसं मी आधी प्लसची, मग मायनसची तार जोडली. गंज चढू नये म्हणून त्यांनी चाचपत दोन्ही टोकांना व्हॅसलीन लावलं, आईने बॅटरीला कुंकू. मग ते स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. किल्ली फिरली, इंडिकेटर टिकटिकू लागला, त्याचा पिवळा उजेड केळीच्या पानांवर उघडत-मिटत राहिला. "तापीचा पूल आला का गं?" त्यांनी विचारलं. गाडी तसूभरही हलली नव्हती. "आला, नाना. पाणी भरपूर आहे," मी म्हणाले. त्यांनी काच खाली करून हात बाहेर धरला. आता रोज त्या पुलावरून मी गाडी नेते, आणि पूल आला की शेजारच्या रिकाम्या सीटची काच खाली करते.