‘काढा’ लिहिलेलं बटण

फोटोवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी तोच प्रश्न टाकतो. फोटो सांभाळायला कोणता प्रोग्रॅम घेऊ, आणि सुधारायला कोणता? लगेच चाळीस उत्तरं येतात. जो जे वापरतो ते त्याच्या मते जगात एक नंबर, आणि बाकीचे वापरणारे गाढव. माझं डोकं फिरतं. पूर्वी मीही त्या चाळिसांत असायचो, आणि सगळ्यांत लांबलचक उत्तर माझं असायचं. आता मी काही लिहीत नाही. लिहिलं तर शिवीच लिहीन.

काका माझे नात्यातले कोणी नाहीत. सीताबर्डीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि हा धंदा मी तिथेच शिकलो. स्टुडिओ बंद केल्यावर त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि दर हिवाळ्यात भिवापूरला जायला लागले. ते मूळचे तिकडचे. मिरचीचा हंगाम आला की तिथे सातरे लागतात. उघड्या मैदानावर मिरचीचे ढीग ओतलेले, आणि बाया दिवसभर बसून देठं खुडतात, चांगली मिरची एकीकडे आणि फटकी, म्हणजे डाग पडलेली पांढरट मिरची, दुसरीकडे. अकरा हिवाळे काका त्या बायांचे फोटो काढत होते. बायाही त्यांना सोडायच्या नाहीत. हे भाऊ फोटो काढून नेतात, आणून कधी दाखवत नाहीत, हा टोमणा दरवर्षी ठरलेला. शेवटी काकांनी कबूल करून टाकलं की पुढच्या सातऱ्यावर शंभर फोटो मोठे छापून आणतो, दोरीला टांगतो, जिचा तिने उतरवून घरी न्यावा.

त्यानंतरच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय. चालता-फिरता येईल, पण वर्ष-दीड वर्षात बारीक काही दिसणार नाही. काकांनी मला बोलावलं आणि म्हणाले की नऊ हजार फोटो आहेत, त्यातले शंभर मला निवडायचेत, आणि नजर आहे तोवर माझ्या डोळ्यांनी निवडायचेत. माझी किंवा कोणाची निवड त्यांना नको होती. मदत एवढीच हवी होती की कॉम्प्युटरवर सोयीनं पाहता यावं.

एवढं साधं काम. मी त्याचं काय केलं ते सांगतो.

काकांची स्वतःची एक पद्धत होती. वर्षाचा एक फोल्डर, त्यात तारखेचा एक, आणि शेजारी एक रजिस्टर, स्टुडिओत होतं तसंच. फोटो जरा उजळ-मंद करायला एक जुना, लहानसा प्रोग्रॅम होता. त्यांचं म्हणणं, यातच भागवू. मी हसलो. मला त्या दिवसांत सांभाळणं, निवडणं, सुधारणं सगळं एकाच ठिकाणी करणारा एक नवा प्रोग्रॅम सापडला होता आणि मी त्याचा बिनपगारी प्रचारक झालो होतो. तो चेहरे ओळखतो, गावं ओळखतो, सारखे फोटो शोधतो, मेनूसुद्धा मराठीत आहे, असं मी अर्धा तास ज्ञान पाजळत बसलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मले रंगवाचं नाही गा, मले फक्त लावून ठेवाचं आहे.”

हे वाक्य त्या चाळीस उत्तरवाल्यांच्या कपाळावर लिहून ठेवायला हवं. माझ्या कपाळावर सगळ्यांत आधी. माणसाला काय पाहिजे ते माणूस स्वच्छ मराठीत सांगतोय, आणि मी त्याच्या घरी बसून त्याला काय पाहिजे असायला हवं ते शिकवतोय. मी प्रोग्रॅम टाकलाच. अक्षरं मोठी केली, मेनू मराठीत केला आणि रजिस्टर बाजूला सरकवून म्हटलं की काका, आता याची गरज नाही.

शहाणपणाचं एकच काम केलं, सगळ्या फोटोंची एक प्रत माझ्या डिस्कवर घेतली. त्यानंतर लगेच मूर्खपणा केला. त्या प्रोग्रॅममध्ये निकामी फोटो आपोआप शोधून साफ करायची सोय आहे. हललेले, काळे पडलेले, तेच ते पुन्हा आलेले, डोळे मिटलेले. मी चारही खुणा केल्या आणि बटण दाबलं. चारशेच्या वर फोटो गेले. काकांना तेवढंच कमी बघावं लागेल, असा माझा उदात्त विचार. त्यांना विचारलं नाही. सांगितलंही नाही.

दिवाळीनंतर काका कामाला लागले. काकू शेजारी बसायच्या. रोज सकाळी दोन तास, नाक स्क्रीनला टेकवून. वीस-बावीस दिवसांनी काकांचा फोन आला की शंभर झाले, ये. मधेच त्यांनी विचारलं की एखादा फोटो आपला आपण कुठे जातो का, एक दिसून नाही राहिला. मी एका लग्नात होतो, वरात दारात आलेली. मी खेकसलोच की असेल तिथेच काका, नीट पहा. ते बरं म्हणाले. पुढे लग्नसराई, आणि मनीषनगरहून त्यांच्या घरी जायला मला दीड महिना लागला. अंतर म्हणाल तर पंचवीस मिनिटांचं.

गेलो तेव्हा काकूंनी पोहे केले होते. काकांनी वही दाखवली, पाच-पाच रेघांचे वीस गठ्ठे, एका फोटोला एक रेघ. मी प्रोग्रॅम उघडला आणि विचारलं की निवडलेले कुठे ठेवलेत. काका म्हणाले, “काढून ठेवले ना. तू मराठीत करून दिलं होतं, तेच बटण दाबलं.”

त्यांनी बोट ठेवलं ते बटण मी पाहिलं. त्यावर लिहिलं होतं: काढा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं ज्या माणसाने फोटो काढले, गिऱ्हाइकाला चांगल्या प्रती काढून ठेवल्या, ज्याच्या गावच्या बाया चांगली मिरची वेगळी काढतात, त्या माणसासमोर पुसून टाकायच्या बटणावर ‘काढा’ लिहून ठेवलं होतं. कोणी केलं हे भाषांतर? कोणत्या गारेगार खोलीत बसून? ‘टाकून द्या’ लिहायला बोटं दुखत होती का? बरं, वर तो प्रोग्रॅम विचारायचा, हा फोटो नक्की काढायचा का? काका दर वेळी हो म्हणत होते. फोटो समोरून नाहीसा व्हायचा, ते वहीत रेघ मारायचे. त्यांनी एकदा खात्रीही करून घेतली होती. कचरापेटीचं नाव ‘काढलेले फोटो’ असं होतं आणि त्यात त्यांचे फोटो नीट ओळीने दिसत होते. माणसाने आणखी काय करायचं? पण ती पेटी महिन्याभराने आपोआप रिकामी होते. मी आलो दीड महिन्याने.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली. मग काकूंना एवढंच म्हणाले की चहा टाक. मी मात्र गप्प बसलो नाही. त्या कंपनीला, भाषांतरवाल्याला, सगळ्या जगाला शिव्या घातल्या. तेवढ्यात प्रोग्रॅमने स्वतःहून ‘तुमच्या आठवणी’ म्हणून उरल्यासुरल्या फोटोंची फिल्म लावली, मागे रडकं पियानो. मी लॅपटॉप फाडकन मिटला.

निघताना चप्पल घालताना दिसलं की काकांचा कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलाय. सातरे तर सुरू झाले होते. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ठेवून देला त्यांनी. काहून, ते सांगत नाही.”

घरी येईपर्यंत डोकं जरा चालायला लागलं. सगळे फोटो माझ्या डिस्कवर होते. त्यातून काकांच्या कॉम्प्युटरवर उरलेले वजा केले तर राहतील ते त्यांचे शंभर. केलं. राहिले पाचशे चौदा. मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या सफाईतले चारशे चौदा त्यांच्या शंभरांत मिसळले होते. काकांनी निवडलेलं उत्तम आणि मी ठरवलेला कचरा, सगळा एकच ढीग, आणि कोणता फोटो कुठला हे सांगणारं रजिस्टर मीच बंद करायला लावलेलं.

तरी माझी खुमखुमी गेली नव्हती. मला वाटलं त्यात काय, चांगला फोटो मला कळतो. मी बसून शंभर निवडले, चांगले उजेडाचे, चेहरे स्वच्छ, छापून घेतले आणि घेऊन गेलो. काका एकेक फोटो खिडकीशी नेऊन, मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने बघत होते. बरेचसे त्यांचेच निघाले. तीस-पस्तीस त्यांनी बाजूला ठेवले, हे माझे नाहीत म्हणाले. मग त्यांनी उरलेला ढीगही आण म्हटलं. मी म्हटलं की काका, त्यात नुसते डोळे मिटलेले आहेत, खराब आलेत.

काकांनी तोंड वर केलं. “सातऱ्यावर बाईचे डोळे उघडे राहते का गा?”

मी सातऱ्यावर कधी गेलोच नव्हतो. तिथे हवेतच तिखट असतं. डोळे चुरचुरतात, मिटतात, शिंका येतात, बाया पदराने नाक झाकून हसत असतात. अकरा हिवाळ्यांचं जे खरं होतं तेच मी चार खुणांपैकी एका खुणेने झाडून टाकलं होतं. काकांनी शंभर निवडायला बसण्याआधीच त्यातले सगळ्यांत चांगले मी उचलून फेकले होते, आणि उरलेल्या स्वच्छ चेहऱ्यांतून ते बिचारे तीन आठवडे निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी तेही छापून नेले. पंधरावा की सोळावा फोटो हातात आला आणि काका थांबले. एक म्हातारी बाई, डोळे गच्च मिटलेले, तोंड शिंकेत अर्धं उघडं, आणि हातात खुडलेली एकच मिरची. अख्खा फोटो किंचित हललेला. काकांनी तो नाकाजवळ धरला, मग लांब, मग पुन्हा जवळ.

“हाच गा,” ते म्हणाले. “हाच शोधून राहिलो होतो. तुले फोन केला होता ना. रोज पाहो, रोज नाही दिसे. मले वाटलं, डाक्टरनं सांगतलं त्याच्या आधीच गेली नजर. म्हणून कॅमेरा ठेवून देला. समोरचा फोटो नाही दिसत, तर काहाले काढाचे?”

काकू दारात होत्या. त्यांनाही हे तेव्हाच कळलं. मी इतके दिवस ज्या ज्या लोकांवर दात-ओठ खात होतो, त्यांतला एकही त्या खोलीत नव्हता. होतो तो मीच. मी म्हटलं, “काका, तुमची नजर नव्हती गेली. हा फोटो मी काढला होता.”

“तू नाही,” काका म्हणाले. “काढला मी. तू काढून टाकला.”

मग त्यांनी तो फोटो शंभरांच्या गठ्ठ्यावर सगळ्यांत वर ठेवला, आणि काकूंना कपाटावरचा कॅमेरा चार्जिंगला लावायला सांगितलं.