भरीत आमचं, पार्टी त्यांची

आमच्या घरी धाप सुमनला लागते आणि घाम मला फुटतो.

सुमन म्हणजे माझी बायको. तिचं फुप्फुसाचं जुनं दुखणं. चार पावलं चालली की टेकावं लागतं. मी निवृत्त माणूस, दोन वर्षांपासून तिच्या मागेपुढे. ती खोकली की मी पाणी घेऊन हजर. ती दुपारी आडवी झाली की तिची छाती हलते का ते बघत बसतो. (एकदा बघता बघता मीच घोरायला लागलो. तिनं उठून मला पांघरूण घातलं. असो.)

जळगावच्या आमच्या डॉक्टर मॅडम दर महिन्याला घरी असे पेशंट सांभाळणाऱ्या आम्हा लोकांना एकत्र बोलावतात. या वेळी म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांनी सुटी घ्या. तुम्हालाही विश्रांती हवी."

"पण मॅडम, सुमन एकटी राहूच शकत नाही."

"राहतील," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

सुटी म्हटल्यावर खान्देशी माणूस दुसरं काय करणार? प्रकाशभाऊंच्या शेतात भरीत पार्टी ठरली. प्रकाशभाऊ आमच्यातलेच, वडिलांना, म्हणजे नानांना सांभाळतात. बामणोदची हिरवी वांगी, लसणाची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या! कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, वांगी भाजून-ठेचून भरीत होत आलं, आणि मी सुमनला पुन्हा फोन लावला. (पुन्हा म्हणजे कितव्यांदा ते विचारू नका.) या वेळी तिनं उचललाच नाही. परत लावला. नाहीच.

ती तिकडे एकटी आणि मी इथे भरीत घोटतोय!

"काय व्हयनं भाऊ?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

"सुमन फोन उचलत नाही."

"थांबा, नानाले लावस." नानाही उचलेनात. सरलाअक्काही आमच्यातल्याच, नवऱ्याला सांभाळतात; त्यांनी घाबरून नवऱ्याला लावला. तेही गप्प.

"बठ्ठाच गायब शेतस?" प्रकाशभाऊंचा आवाज चिरकला.

धडाधड जीपमध्ये बसलो. तेवढ्यात अक्कांनी पुऱ्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि गरम भरिताचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "संकट आपल्या जागी, भरीत आपल्या जागी." मांडी भाजत होती, पण ओरडायला सवड कुणाला?

आमच्या घराला कुलूप! शेजारचे पाटील ओट्यावर पेपर वाचत होते.

"वहिनी? त्या तर नवी साडी नेसून रिक्षानं नानांकडे गेल्या. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मीच ठेवून दिला रिक्षात."

नानांच्या घरासमोर जीप थांबायच्या आधीच मी पातेल्यासकट उडी मारली आणि धावत आत शिरलो. आत पत्त्यांचा डाव रंगला होता. नाकात नळी लावलेले नाना पिसत होते, अक्कांचे यजमान हॉटेलातून मागवलेली शेवभाजी चापत होते आणि सुमन हसत होती. पार मान मागे टाकून हसत होती. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. डोळ्यांत पाणीच आलं. बोलायला तोंड उघडलं, पण धावल्यानं आवाजच फुटेना.

"बसा," सुमन म्हणाली. "पुढे वाका. ओठांचा चंबू. हळू सोडा श्वास." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

जिवात जीव आल्यावर मी विचारलं, "फोन कुठाय?"

"तांदळाच्या डब्यात. सगळ्यांचे."

"अगं, का पण?"

"सारखा वाजतो."

नाना पत्ते वाटता वाटता आम्हा तिघांकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडमले आम्हीच सांगेल व्हतं, येसले एक दिवस कोठे तरी धाडा."

मी तोंड उघडणार, इतक्यात सुमननं नाक मुरडलं आणि तिला खोकला आला. "धुराचा वास येतोय तुम्हाला. बाहेर बसा सगळे." मग मला म्हणाली, "भरीत ठेवून जा."

आत डाव पुन्हा सुरू झाला. आम्ही बाहेर ओट्यावर कोरड्या पुऱ्या चावत बसलो. सुमनचं पथ्य मला तोंडपाठ आहे: धूळ, धूर, फोडणीचा ठसका, अगरबत्ती, सगळं वर्ज्य. दोन वर्षं मी स्वतःला तिचं औषध समजत होतो आणि निघालो पथ्यातला!