मेंढराचा तिसरा रविवार

दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत सावळीराम गावित वीस वर्षं फवारणीचं काम बघतो. मूळचा सुरगाण्याकडचा. बागेतले मजूरही बहुतेक तिकडचेच. रविवारी सकाळी सातला पॅकिंगच्या शेडमध्ये पंचवीसेक ख्रिस्ती मंडळी उपासनेला ताडपत्रीवर बसतात. गाणं होतं, प्रार्थना होते, बायबलवरचा संदेश होतो. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नाशिकहून महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजनाच्या विधीपुरते. बाकीच्या रविवारी संदेश सावळीराम देतो.

त्यासाठी तो आठवडाभर खपतो. वहीत संदेश लिहून काढायचा, फवारणीच्या आवाजात पुटपुटत पाठ करायचा. तारीख घालायची सवय नाही. संदेश देऊन घरी आला की त्याची बायको सिंधुबाई त्या पानाचा कोपरा दुमडायची. दुमडलेलं पान म्हणजे सांगून झालेलं.

ऑगस्टमध्ये सिंधुबाई गेली. महिनाभर पाळकांनीच उपासना सांभाळली. मग सावळीराम पुन्हा संदेशाला उभा राहू लागला.

एका शनिवारी त्याने वही उघडली आणि हात थांबला. येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला. हे तर मागच्या रविवारी सांगितलं. त्याच्या आदल्या रविवारीही हेच. कोपरा दुमडायला कोणी नव्हतं, म्हणून तो तेच पान पाठ करत राहिला होता.

चूक कळली. पण टोचलं ते वेगळंच. पंचवीस माणसं, आणि एकानेही विचारलं नाही. मग ही माणसं ऐकतात तरी काय? वीस वर्षं आपण बोलतोय कोणाशी?

त्याने ठरवलं. उद्या तिसऱ्यांदा हेच सांगायचं. कोणी काही बोललं नाही, तर पाळकांना सांगायचं, दुसरा माणूस बघा.

रविवारी त्याने सांगितलं. शंभर मेंढरं. एक हरवलं. धनी रान तुडवत गेला. मंडळी नेहमीसारखीच बसली होती. शेवटचं गाणं झालं. चहा आला. कोणी काही बोललं नाही.

सावळीरामलाच राहवेना. "आज काय सांगितलं मी?"

"मेंढराचं," ट्रॅक्टरवरचा नवनाथ म्हणाला.

"आणि मागल्या रविवारी?"

"मेंढराचंच."

"त्याच्या आधी?"

"परीक्षा घेता का काय, दादा? मेंढराचंच की! आता तर मला त्याचं तोंडसुद्धा ओळखू येईल."

शेड हसली. सावळीराम हसला नाही. "मग बोलला का नाही कोणी?"

हसू थांबलं. सगळ्यांनी नवसाबाईकडे पाहिलं. ती त्यांच्यात वयाने मोठी.

"पयल्या वेळी काय वाटलं नाय," ती म्हणाली. "दुसऱ्या वेळी वाटलं, चुकला. पण 'सापडलं' म्हणायच्या आधी तू थांबलास. लय वेळ थांबलास. मंग आम्ही ठरवलं, सिंधु गेलीय याची, याला म्हणू द्यायचं."

"कुठवर?"

"ते आम्हाला काय म्हाईत? तुला लागंल तवर. आम्ही बसतो."

"अगं मावशी, मी तुम्हाला सांगायला उभा राहतो!"

"मंग? ऐकतोच ना आम्ही. तू पण ऐक."

त्याला राग आला. राग कोणावर, तेही उमगेना. त्याने चहा तसाच ठेवला आणि घरी आला.

घरी वही समोर धरून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोठ्याने सुरुवात केली. शंभर मेंढरं. एक हरवलं. पुढचं वाक्य पाठ होतं, तरी येईना. शेडमध्ये तर तिन्ही वेळा आलं होतं.

त्याने पाळकांना फोन लावला.

"बोला, सावळीराम. आज संदेश काय दिलात?"

दुसरा माणूस बघा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच आलं. "मेंढराचा. तिसऱ्यांदा. मंडळी म्हणते, आणखी सांग, आम्ही बसतो. पाळकसाहेब, यात सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण? मला काही कळेना झालंय."

  

"मलाही नीट सांगता यायचं नाही," पाळक म्हणाले. "पण पुढच्या रविवारी मी येतो. प्रभुभोजन नाही, तरी येतो. ताडपत्रीवर बसतो."

"आणि मी काय सांगू?"

"तुम्ही उभे तर राहा."

सावळीरामने हो म्हटलं. कशाला हो म्हटलं, ते त्याला अजून कळलेलं नाही.