माने गेटबाहेर गेला तेव्हा

आमच्या सांडोरच्या लोकांना अजून वाटतं, मी आफ्रिकेत शांतिसेनेत मजा मारून आलो. डोंबलाची मजा. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तिथलं यादवी युद्ध संपत आलं होतं. शरण येणाऱ्या बंडखोरांची हत्यारं जमा करायची, हे आमच्या पोस्टचं काम. मी हवालदार, पोस्ट माझ्या ताब्यात.

रुटीन ठरलेलं. सकाळी सातला गेट उघडायचं. आलेला माणूस रायफल टेबलावर ठेवायचा, मी चेंबर तपासून ती कंटेनरमध्ये टाकायचो. मग नाईक माने त्याला चहा द्यायचा. हे कुठल्याच ऑर्डरमध्ये नव्हतं. हत्यार काढून घेतलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवू नये, असं मानेचं म्हणणं. साखरेची पार वाट लागली, पण लोक येत राहिले.

शेवटच्या दिवशी वीसजण बाकी होते. पंधराशे वाजता, म्हणजे दुपारी तीनला, त्यांच्या रेडिओवर बातमी आली, राजधानीत मंत्रिपदांची बोलणी फिसकटली. खुर्च्या पुढाऱ्यांना हव्या आणि मरायचं आम्ही. वीसही जण गेटसमोर रायफली रोखून उभे राहिले. जमा केलेली हत्यारं परत हवीत, असं दुभाष्याने सांगितलं.

मी वायरलेस सेटवर कंपनीला कळवलं. उत्तर आलं, "होल्ड फायर. एकही हत्यार परत द्यायचं नाही. ओव्हर."

मानेने स्वतःची रायफल भिंतीला टेकवली आणि किटली उचलली.

"कुठे निघालास?"

"चहा राहिलाय त्यांचा."

मी त्याला अडवायला हवं होतं. नाही अडवलं. पुढच्या दोघांनी खरंच रायफली खाली केल्या. मागून एकाने गोळी झाडली. माने जागीच गेला. त्यांच्याच म्होरक्याने त्या माणसाला जमिनीवर दाबून धरलं. अठराशेच्या आत वीसही रायफली टेबलावर आल्या. मी चेंबर तपासत होतो आणि एकेकाचा गळा आवळावासा वाटत होता.

माने ऑर्डरशिवाय गेटबाहेर गेला असं लिहिलं असतं, तर मेलेल्या माणसावर बेशिस्तीचा ठपका बसला असता आणि त्याच्या बायकोचं पेन्शन अडकलं असतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, माझ्या हुकमावरून गेला. माझी चौकशी झाली, प्रमोशन अडलं. होऊ दे म्हटलं.

परतल्यावर विरारला मानेच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच विचारलं.

"भाऊजी, तुम्ही पाठवलंत त्यांना?"

"हो, वहिनी."

त्यांनी दार लावून घेतलं. नंतर चारदा गेलो, उघडलं नाही.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. म्हणून आज सांगतो. नाईक मानेला कोणी पाठवलं नव्हतं. तो स्वतःहून गेला होता.