पगारवाढ परत करायला गेलेला वकील

पगारवाढ मिळावी म्हणून साहेबाच्या दारात ताटकळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. मिळालेली वाढ परत घ्या म्हणून अर्ज घेऊन उभा राहिलेला मी एकटाच, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती व्हर्लीन स्टब्जने खोडून काढली. पण त्याआधी माझी अक्कल किती, ते सांगायला हवं.

मी नेथन व्रोबेल. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात गरिबांचे खटले फुकट लढवणारी एक संस्था आहे, तिथे सात वर्षं वकिली करतोय. घरमालक भाडेकरूला बाहेर काढायला निघाला की मध्ये उभं राहायचं, हे माझं काम. पुष्कळदा मी मध्ये उभा राहतो आणि दोघंही मला वळसा घालून पुढे जातात. आईच्या चर्चमधल्या बायकांना मी वकील आहे एवढंच ठाऊक आहे. माझी खटारा गाडी पाहून त्या आईला बाजूला घेऊन विचारतात, "पोराला पत्त्यांचा नाद तर नाही ना लागला?"

नाद लागला तो कायद्याचा. कॉलेजात असताना एक लाख अठरा हजार डॉलरचं कर्ज करून बसलो. आमच्यासारख्यांसाठी त्यावर दोन उतारे आहेत. दहा वर्षं लोकसेवेच्या नोकरीत राहून इमानाने हप्ते भरले, तर उरलेलं कर्ज सरकार माफ करतं. आणि ते हप्ते माझ्या कॉलेजकडून येतात, महिन्याला सातशे डॉलर. अट इतकीच, की नोकरी पूर्णवेळ असावी आणि वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत. माझा पगार अठ्ठावन्न हजार नऊशे. सात वर्षं निघाली होती, तीन उरली होती. कमी पगाराचा इतका अभिमान बाळगणारा माणूस आमच्या कचेरीत दुसरा नव्हता.

मग तो मंगळवार आला. ईस्टरपूर्वीचे उपास लागण्याआधीच्या या मंगळवारी आम्ही पोलिश लोक पोन्चकी खातो, म्हणजे आत आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले तळलेले गोळे. आमच्या संचालिका हॅरिएट डोंब्रोव्स्की दोन खोकी भरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "युनियनशी करार झाला. जानेवारीपासून सगळ्यांना वर्षाला दीड हजाराची वाढ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता बेरीज केली. साठ हजार चारशे. मर्यादेच्या वर चारशे. म्हणजे दीड हजार हातात येणार आणि आठ हजार चारशे जाणार. अर्धी खाल्लेली पोन्चकी मी परत खोक्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन हॅरिएटच्या खोलीत गेलो.

"मला वाढ नको," मी म्हटलं.

"का रे बाबा?"

"परवडत नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अडतीस वर्षं या खुर्चीत बसतेय. हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. पुन्हा म्हण बघू."

मी कॉलेजची अट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"एकट्या तुझी वाढ कापली तर युनियन माझ्यावर केस करेल," त्या म्हणाल्या. "आणि ती केस लढायला वकील ठेवायचे पैसे आता वाढीत गेले."

"मग आठवड्याचे दोन तास कमी करा माझे."

"तुझ्या कॉलेजला पूर्णवेळ माणूस लागतो ना?"

"लागतो."

"म्हणजे तुला पूर्णवेळ गरीब राहायचंय," हॅरिएट म्हणाल्या. "त्यासाठी माझ्याकडे जागा नाही, नेथन. इथे सगळे अर्धवेळ गरीब आहेत. संध्याकाळी टॅक्सी चालवतात."

मी हसलो. बाहेर आल्यावर मात्र हसू टिकलं नाही. भाडं, आईची औषधं आणि त्यावर दरमहा सातशेचा हप्ता, हे गणित मी तीन प्रकारे मांडून पाहिलं आणि तिन्ही वेळा महिना बावीस तारखेलाच संपला. कोर्टासमोरच घरमालकांच्या बाजूने लढणारी एक फर्म आहे. तिथला वकील दर सहा महिन्यांनी मला गाठून म्हणतो, "आमच्याकडे ये, पंच्याण्णव हजार देतो." इतकी वर्षं मी ते थट्टेवारी नेत आलो होतो. त्या आठवड्यात मात्र त्याचं कार्ड घरी नेलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

मला भीती कर्जाची वाटत नव्हती. दूध काढायला गेलो की ते कार्ड दिसायचं आणि मी मनातल्या मनात फर्मची बाजू मांडायला लागायचो. घरमालकांनाही वकील लागतोच की. त्यांनाही पोरंबाळं असतात. तीन दिवसांत माझी ही बाजू इतकी सुरेख तयार झाली, की माझ्या कुठल्या अशिलाच्या वाट्याला एवढी तयारी कधी आली नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

तीन आठवडे हे चाललं. मग एका गुरुवारी व्हर्लीन आली.

व्हर्लीन स्टब्ज अठ्ठावन्न वर्षांची. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं, हा तिचा धंदा. तीन वर्षांपूर्वी तिचं घर मी कोर्टात वाचवलं होतं. तेव्हापासून तिच्या इमारतीत कुणाच्याही दारावर नोटीस लागली, की व्हर्लीन ती आपल्या जांभळ्या फायलीत घालते आणि बस पकडून माझ्याकडे येते. त्या फायलीत एकोणीसशे चौऱ्याण्णवपासूनचा प्रत्येक सरकारी कागद आहे. त्या दिवशी तिने हीटर बंद असल्याच्या तक्रारीचे कागद आणले होते. मी कॉलेजचा फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो होतो.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, व्हर्लीनबाई. बसा."

"तोंडावरून तर कुणीतरी गेल्यासारखं दिसतंय."

अशिलाला आपलं रडगाणं ऐकवू नये, असा आमच्यात दंडक आहे. मी तो पाच मिनिटांत मोडला. वाढ, साठ हजार, हॅरिएट, फर्मचं कार्ड, सगळं सांगून टाकलं. व्हर्लीन आधी गालात हसली, मग मोठ्याने हसली, आणि मग खुर्चीचा हात धरून खाली बसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाळा, तू आमच्यातलाच निघालास की," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या एजन्सीत निम्म्या बाया दर वर्षी वाढ नको म्हणून रडतात. बरं, ते आकडा कुठला बघतात?"

"म्हणजे?"

"वरचा की खालचा? जेवणाच्या सरकारी कार्डाची खिडकी आधी वरचा बघते, काहीही कापण्याआधीचा. घरभाड्याच्या मदतीवाले मुलांचा खर्च वजा करून बघतात. प्रत्येक खिडकीचा आकडा वेगळा असतो. तुझं कॉलेज कुठला बघतं?"

सात वर्षं मी पगाराच्या चिठ्ठीवरचा सगळ्यात मोठा आकडा त्या फॉर्मवर लिहीत होतो. तो मर्यादेच्या आत होता, त्यामुळे पुढे बघायचं कारणच पडलं नव्हतं. मी पान उलटलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की म्हातारपणासाठी पगारातून साठवलेली रक्कम वजा जाऊन कराच्या कागदावर जो आकडा उरतो, तो धरावा. आजवर मी म्हातारपणासाठी एक डॉलरही साठवला नव्हता. वर्षाला पाचशे साठवले, की मी पुन्हा साठ हजारांच्या आत. फर्मचं कार्ड नको, हॅरिएट नको, काहीच नको.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर अशिलांसाठी माझ्याच अक्षरात एक पाटी आहे: 'सही करण्याआधी दुसरं पान वाचा.' लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. व्हर्लीनने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

"तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?" मी विचारलं.

"शिकले. जरा महाग पडलं."

"कधी?"

ती फाईल उघडून कागद शोधायला लागली. "चार वर्षं झाली. चर्चच्या तळघरात तुम्ही वकील मंडळी फुकट सल्ला द्यायला बसायचात ना? मला तासाला सत्तर सेंट वाढ मिळत होती. मी विचारलं, ही घेतली तर माझं जेवणाचं कार्ड जाईल, नको म्हणू का? तू म्हणालास, घ्या. पुढे जाणारा माणूस कधी मागे पडत नाही."

ते वाक्य माझंच होतं. त्या काळात मी ते सगळ्यांना सांगायचो. तिचा चेहरा मात्र मला आठवेना.

"मग?"

"घेतली वाढ. महिन्याला शंभर डॉलर आले, कार्डावरचे दोनशे तीस गेले. मग भाडं थकलं."

आणि मग नोटीस आली. ती नोटीस घेऊन व्हर्लीन माझ्याकडे आली, घरमालकाने तारीख चुकीची घातली होती म्हणून मी केस जिंकलो, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर तिचा न् माझा फोटो छापून आला. देणगीदारांच्या जेवणात हॅरिएटनी मला उभं करून त्याबद्दल टाळ्या मिळवून दिल्या होत्या. आग मीच लावली होती, मीच विझवली होती आणि बक्षीसही मीच घेतलं होतं. कानाची पाळी जळावी इतकी लाज वाटली मला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो, चुकलंच."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"निकाल लागल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर तू मला मिठी मारलीस. एवढा खूश होतास, की मला सांगवेना," व्हर्लीन म्हणाली. "आणि सांगितल्यावर तू खचून त्या समोरच्या फर्ममध्ये गेला असतास तर? नवीन वकील येणार, त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. तुझ्यावर माझे बरेच पैसे खर्च झालेत, बाळा. आत्ता कुठे तू उपयोगाचा व्हायला लागलायस."

तिने हीटरचे कागद माझ्या फॉर्मवर ठेवले.

"हे वाच आता," ती म्हणाली. "दोन्ही पानं."