परतरावांची सुट्टी

परतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत सव्वीस वर्षं काढलेल्या या माणसाला ते बरोबरच्या मेकॅनिकांनी ठेवलं आणि इतकं चिकटलं, की साहेबसुद्धा फोनवर ‘परतराव आहेत का’ असंच विचारू लागले. कारण अगदी साधं होतं. काम संपवून, हत्यारं पिशवीत भरून, आठ-आठ मजले उतरून हा माणूस रस्त्यावर यायचा, दहा पावलं चालायचा, थांबायचा आणि परत वर जायचा. लिफ्टच्या विजेच्या पॅनेलचं झाकण नीट लावलंय ना, एवढंच बघायला. ते लावलेलंच असायचं. मग स्वारी खुशीत खाली यायची आणि रात्री गाढ झोपायची.

घरीही तेच. कुलूप लावून झालं की ते तीनदा ओढून बघायचं, रिक्षात बसल्यावर चौथ्यांदा ओढायला उतरायचं. बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नाला निघालेले दोघं अर्ध्या वाटेवरून माघारी आले होते. कुलूप जागच्या जागी होतं. लग्न मात्र तोवर लागून गेलं होतं आणि ती मावसबहीण अजून या विषयावरून टोमणे मारते.

बायको नेमकी उलट. शाळेच्या कचेरीत ती कारकून होती. चारशे मुलांचे दाखले तिच्या हातून जायचे, पण पाठ टेकली की पाचव्या मिनिटाला तिला झोप लागलेली असायची. एकदा केलं ते केलं, त्यात मागे वळून काय बघायचं, हे तिचं ठाम मत. नवरा कुलपाशी झटापट करत असताना ती फाटकापाशी उभी राहून चुळबुळ न करता त्याच्याकडे बघायची, आणि ते बघणं परतरावांना कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी दोघं मिळून असे कुठे गेलेच नव्हते. शेवटी दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीनेच समुद्राकाठच्या एका गावात खोली ठरवून टाकली. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. बायकोने कपाटातून बॅग काढता काढता अट घातली, की या दोन दिवसांत काहीही झालं तरी परत फिरायचं नाही. फिरलात, तर यापुढे तुमच्याबरोबर मी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा येणार नाही. ती हे हसून बोलली असती तर परतरावांनी सोडून दिलं असतं. ती हसली नाही. परतरावांनी शब्द दिला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे एका आठ मजली इमारतीचं काम होतं. लिफ्ट मध्येच अडत होती. कुठल्यातरी मजल्यावरचं दार नीट लागत नव्हतं, आणि एक जरी दार उघडं असलं तरी लिफ्ट हलायची नाही, अशी तिची रचनाच असते. दोष कुठल्या दारात आहे ते शोधायला मेकॅनिक पॅनेलमध्ये एक छोटी वायर आडवी लावतात. मग सगळी दारं बंद आहेत असं समजून लिफ्ट चालायला लागते. शोध संपला की वायर काढायची. ती राहिली, तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट चालू पडेल. कुणाचा एक पाय आत आणि एक बाहेर असला, तरीसुद्धा.

परतरावांची वायर लाल होती, दोन टोकांना चिमटे असलेली. पॅनेलमधून निघाली की थेट शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, मध्ये कुठेही टेकायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या संध्याकाळी पाचव्या मजल्याचं दार सापडलं, दुरुस्त झालं. तेवढ्यात बायकोचे तीन फोन आले. चपला कुठल्या घेऊ, टोपी सापडत नाही, येताना बॅगेला लहान कुलूप आणा. परतरावांनी इमारतीच्या वहीत काम झाल्याची सही केली, जिना उतरले, दहा पावलं गेले आणि सवयीने थांबले. मग त्यांना दिलेला शब्द आठवला. आजपासूनच सुरुवात करू, असं म्हणून दात-ओठ खाऊन ते तसेच पुढे गेले. घरी जाऊन त्यांनी हा पराक्रम बायकोला सांगितलाही. ती खूश झाली.

शनिवारी सकाळी सहाच्या बसने निघून दहाला दोघं पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, तळहाताएवढा समुद्र दिसत होता. बायकोला तेवढाही पुरला. सामान टाकून ती तडक किनाऱ्याकडे निघाली, चपला हातात घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि लाट आली की लहान मुलीसारखी दोन पावलं मागे पळायला लागली. परतरावांनी तिला असं पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. फोटो काढावा म्हणून ते दोन पावलं बाजूला झाले आणि वाळूत पडलेला लाल नायलॉन दोरीचा एक तुकडा त्यांच्या पायाला लागला.

त्यांचा हात आपोआप छातीशी गेला. लेकीने घेतलेल्या टी-शर्टला खिसाच नव्हता.

काल वायर काढून खिशात टाकली होती ना? कालचा शर्ट धुवायला टाकलेला, हत्यारांची पिशवी कंपनीच्या कोठीत सोमवारपर्यंत बंद. आता राहिली आठवण. वहीत सही केली, पेन खिशात टाकलं. आणि पेन तळापर्यंत गेलं. रोज ते अर्ध्यावरच अडतं, कारण खाली वायरचं वेटोळं असतं. काल नव्हतं. की होतं? हे आपल्याला खरंच आठवतंय, की आता भीतीने आपण रचतोय? परतरावांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा सही केली, पुन्हा पुन्हा पेन खिशात टाकलं. कधी ते अडलं, कधी तळाला गेलं.

त्यांना उभंही राहवेना नि बसवेना. तहान लागली म्हणून दुकानापर्यंत गेले आणि पाणी न घेताच आले. ऊन लागतंय म्हणून जागा बदलली, मग सावलीत वारा नाही म्हणून पुन्हा उन्हात आले. शेवटी चहा आणतो असं सांगून ते रस्त्याच्या कडेला गेले आणि त्या इमारतीच्या सेक्रेटरींना फोन लावला. दोन दिवस लिफ्ट बंद ठेवता का, म्हणाले. सेक्रेटरी चकित झाले. कालच तर तुम्ही ठीक आहे म्हणून सही केलीत, सकाळपासून छान चालतेय, आणि आज सहाव्या मजल्यावरच्या बाई गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी येताहेत, त्यांना काय खांद्यावरून वर नेऊ? बंद कशासाठी, ते तरी सांगा.

सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एक तक्रार नव्हती. बरोबरीच्यांच्या वायरी राहिल्या होत्या, साहेबांच्या शिव्या खाऊन झाल्या होत्या, पण परतरावांचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असं. ‘असंच, जरा खात्री म्हणून,’ एवढंच ते पुटपुटले. सेक्रेटरी हसले, तुमचा स्वभाव ठाऊक आहे म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. परतरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. लगेच पुन्हा फोन लावला, तर तो उचललाच गेला नाही.

ते चहा न घेताच परतले तेव्हा बायको वाळूत बसली होती. तिने रिकाम्या हातांकडे बघितलं.

“काय राहिलंय?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“अहो, पंचवीस वर्षं बघतेय मी तुम्हाला. कुलूप की नळ?”

मग परतरावांनी सगळं सांगितलं. वायर, पेन, गुडघ्याच्या बाई, सगळं. ती पाण्याकडे बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, की सेक्रेटरींना कारण सांगितलंत का. परतरावांनी नकारार्थी मान हलवली. तिने कपाळाला हात लावला.

“रस्त्यात फोन लावत राहा. लागला की आधी कारण सांगा, लाजू नका,” ती म्हणाली. “तिथे काहीही असणार नाही. तुमचं कधी काही असतं का? पण जा. मी नाही येणार. खोली उद्यापर्यंत आपली आहे, मी समुद्र बघणार आहे.”

तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच परतरावांना कळलं, की जी अट होती ती अटच आहे. तरी ते गेले. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. दीडची बस मिळाली. चार तासांत त्यांनी सेक्रेटरींना एकोणीस वेळा फोन केला. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तर शेवटी काही विचारायचं सोडून सरळ दुसरी जागा धरली.

सहाच्या सुमारास ते इमारतीत शिरले तेव्हा लिफ्टपाशी दोघी उभ्या होत्या. लिफ्टने जाऊ नका, जिन्याने जा, असं त्यांना जवळजवळ दटावून परतराव स्वतः आठ मजले चढले. वाटेत सहाव्या मजल्यावर दार उघडं होतं आणि आतून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. गुडघ्याच्या बाई चारलाच वर आल्या होत्या. लिफ्टने. एकदम झकास, कुणीतरी सांगत होतं.

परतरावांनी मशीनच्या खोलीचं दार उघडलं, मेन स्विच खाली ओढला, पॅनेलचं झाकण काढलं.

वायर तिथे होती.

काल लावली होती तशीच, दोन्ही चिमटे घट्ट धरून. चोवीस तास ही लिफ्ट तिच्या भरवशावर वरखाली करत होती आणि कुणाला काही झालं नाही, ते केवळ नशीब म्हणून. परतरावांनी एकेक करून दोन्ही चिमटे काढले. वायर हातात घेऊन ते तिथेच फरशीवर बसले. आजवर शेकडो वेळा ते असे परत आले होते आणि शेकडो वेळा काही सापडलं नव्हतं. त्या काही न सापडण्यावरच त्यांना रात्री झोप लागायची. आता कितीदाही बघितलं तरी पुरणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं, आणि त्यांना रडू आलं.

मग उठून त्यांनी एकेका मजल्याचं दार तपासलं, लिफ्ट चालवून बघितली आणि वहीत कालच्या सहीखाली लिहिलं, की काल माझ्या हातून वायर राहून गेली होती, आज काढली. खाली सही केली. सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात भेटले, तुमच्याशी बोलून फोन घरीच विसरलो आणि दिवसभर बाहेर होतो म्हणाले. परतरावांनी त्यांनाही कारण सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

बायकोला काय सांगायचं? काही नव्हतं म्हणून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. तिचं म्हणणं खरं ठरलं असतं, ती हसली असती, कदाचित अटही सोडून दिली असती. परतरावांनी रस्त्यावर येऊन फोन लावला. मागे लाटांचा आवाज येत होता.

“होती,” ते म्हणाले.

लाटांचा आवाज मागे पडला; ती उठून पाण्यापासून लांब आली असावी.

“कुणाला काही...?”

“नाही. कुणालाच नाही.”

मग तिने विचारलं, त्यांनी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात:

“अहो, निघताना गॅस मी बंद केला होता का हो?”

गॅस बंद होता. पहाटे निघताना परतरावांनी स्वतः तो तीनदा बघितला होता. तसं ते तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण पंचवीस वर्षांत नुसत्या सांगण्याने त्यांचं स्वतःचं कधी भागलं नव्हतं. “थांब, बघून सांगतो,” ते म्हणाले. ते घरी गेले, कुलूप काढलं, शेगडीसमोर उभे राहिले, बटणावर हात ठेवला आणि मगच तिला फोन केला.